बंगईची फळी

भाऊराव कंपाउंडरांनी स्वतःच्या हातानं केलेली एखादी वस्तू 'ही घ्या, तुमच्यासाठी केली' असं म्हणून कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. वस्तू आधी तुमच्या दारात येऊन पडायची आणि मागाहून तिच्याबद्दलची तक्रार यायची. लाकूड उरलं होतं. माप चुकलं. घरात ठेवायला जागा नाही, बायको ओरडते. तूर्त तुमच्याकडे असू द्या. त्यांच्या अशा दोन-तीन 'तूर्त' वस्तू माझ्या घरात अजून आहेत, आणि हे लिहिताना त्यातल्याच एका चौरंगावर माझे पाय आहेत.

छप्पन साली लग्न होऊन मी कळंबला आले. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर. भाड्यानं मिळालेल्या घराचा अर्धा भाग आमचा आणि अर्धा भाऊरावांचा, मध्ये छातीएवढी भिंत. भाऊराव सकाळी सरकारी दवाखान्यात औषधं द्यायचे आणि दुपारी घरी येऊन जेवले न जेवले की अंगणातल्या चिंचेखाली रंधा घेऊन बसायचे. माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात मी मोठ्या हौसेनं कुरडया घातल्या, आणि वाऱ्यानं त्यांच्याकडचा सगळा भुसा उडून माझ्या कुरडयांवर आला. नव्या नवरीनं शेजाऱ्याशी भांडू नये हे मला ठाऊक होतं, पण कुरडयांचा चीक ढवळून हात भरून आले होते, म्हणून मी भिंतीवरून बोललेच. भाऊराव आले, एक कुरडई उचलून नाकाशी नेली आणि म्हणाले, "सागाचा भुसा हाय, बाई. पोटाले काही करत नाही."

कंपाउंडरच असं म्हणतोय म्हटल्यावर पुढं काय बोलणार!

अंगानं शिडशिडीत, दाढी एक दिवसाआड, आणि कानावर सदैव पेन्सिलीचा तुकडा. तो तुकडा दवाखान्यातही कानावरच असायचा. औषधाच्या बाटलीवर डोस कळावेत म्हणून ते कागदाची पट्टी कातरून चिकटवत, आणि घरी लाकूड मापायलाही तीच पट्टी. फूटपट्टी होती, पण ती खिळ्याला टांगलेली. "इंच कोणाच्या कामाचा?" ते म्हणत. "पाट ज्याच्यासाठी हाय त्याच्या मांडीचं माप पाह्यजे." गावातली माणसं दवाखान्यात औषध घ्यायला आली की भाऊराव त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत. लोकांना वाटे रोग बघताहेत. मला मात्र संशय यायचा की हा माणूस पट्टी न लावताच माप घेतोय.

लाकडाच्या बाबतीत त्यांचा एकच हट्ट होता. विकत आणलेली फळी एक अख्खा पावसाळा खाऊन कोरडी झाल्याशिवाय ते तिला करवत लावत नसत. तोवर ती आढ्याखाली माळ्यावर पडून राही. कुणी घाई केली की फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करून म्हणत, "अजून झाड हाय ते. लाकूड नाही झालं." पुढं पुढं त्यांची जीभ सैल सुटली आणि हा शेरा माणसांनाही मिळू लागला. दवाखान्यात बदलून आलेला तरुण डॉक्टर तापट होता, तर "अजून झाड हाय." आमच्या ह्यांनी एकदा रागाच्या भरात नोकरी सोडायची भाषा केली, तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, "मास्तर, झाड हा तुम्ही अजून." मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसले. ह्यांना ते पुढं बरेच दिवस टोचत होतं.

मी डावरी. सासूबाई पाहुण्या म्हणून आल्या की माझ्या डाव्या हातावरून दिवसभर टोमणे. भाजी चिरायला बसले की जास्तच, कारण आमच्याकडची पावशी, म्हणजे तुमची विळी, उजव्या हाताच्या बायकांची. तिच्यावर माझा हात उलटा पडे आणि बोटं कापत. मी याबद्दल कुणाला चकार शब्द बोलले नव्हते. एक दिवस दारात नवी पावशी. फळी अशी बसवलेली की पातं माझ्या डाव्या हाताला बरोबर यावं. मागून तक्रार आलीच, "लोहारानं पातं उलटं बसवून देल्लं, बाई. कोणाच्याच कामाचं नाही. तुमच्याकडं पडू द्या."

दवाखान्यात माझ्या बोटांना आयोडीन तेच लावत होते, हे मला मग आठवलं. मी पावशीवर कांदा चिरायला घेतला आणि रडले. सासूबाईंना वाटलं, कांद्यानं.

त्यांच्या बायकोचं नाव गोदाबाई. अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. त्यांच्या ओसरीच्या आढ्याला दोन लोखंडी कड्या होत्या आणि कड्यांना लसणाच्या जुड्या टांगलेल्या. घरात नवीन माणूस आलं की गोदाबाई वर बोट दाखवून सांगत, "हे पाहा माही बंगई." लग्नात भाऊरावांनी त्यांना झोपाळा करून द्यायचा शब्द दिला होता, आणि आमच्याकडे झोपाळ्याला बंगईच म्हणतात. कड्या आल्या, बंगई आली नाही. म्हणजे फळी होती. एकसंध, रुंद, जुन्या सागाची, दोघं ऐसपैस बसतील एवढी. माळ्यावर कितीतरी पावसाळे खाऊन बसलेली. पण दर वेळी दुसऱ्या कुणाचं तरी काम मध्ये यायचं आणि कड्यांना पुढच्या सालचा लसूण लागायचा. भाऊरावांनी दुसऱ्या कुठल्याही कामाला त्या फळीला हात मात्र लावला नाही. "ते गोदीचं हाय," म्हणत आणि खालची काहीतरी फळी ओढत.

आता करीमभाईंबद्दल सांगते, कारण ते आल्याशिवाय भाऊराव पुरे होत नाहीत. चिंतामणीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर करीमभाईंचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खाली सतरंजी आणि भिंतीला दांड्यांवर काचेच्या बांगड्या. गावातल्या लेकीसुना त्यांच्याकडेच बांगड्या भरत. कितीही हाड जाड असो, करीमभाई अंगठ्याखाली असं काही दाबत की बांगडी हातात कधी गेली ते कळत नसे. हात धरला की मान खाली, नजर फक्त मनगटावर. अशी रीत पाळणारा माणूस म्हणून बायकांचा त्यांच्यावर फार भरवसा होता.

रोज संध्याकाळी करीमभाई भाऊरावांच्या ओट्यावर चहाला येत. दोघं लहानपणापासूनचे. बोलणं फारसं नसे. एक जण काहीतरी घासत बसलेला, दुसरा रस्त्याकडं बघत बसलेला. एकदा माझ्या लक्षात आलं की गोदाबाईंकडून आता करीमभाईंना चहा कपबशीत येत नाही, पितळी पेल्यात येतो. मग तो पेलाही अर्धाच भरून येऊ लागला. मी गोदाबाईंना विचारलं, तर त्या हळूच म्हणाल्या, "बशी वाजे ना वं. ह्यायनंच सांगतलं."

करीमभाईंचे हात थरथरू लागले होते. भाऊरावांनी ते बशीच्या आवाजावरून आम्हा सगळ्यांच्या आधी ओळखलं. यावर आपल्या दवाखान्यात औषध नाही, हेही त्यांना माहीत होतं. मला कळलं ते माझ्याच मनगटावर. संक्रांतीच्या बांगड्या भरताना एकामागून एक दोन बांगड्या वाढल्या, म्हणजे फुटल्या. करीमभाई ओशाळून म्हणाले, "काच खराब आला, बेटी, इस बार." मीही काचेलाच दोष दिला. पण बायका हळूहळू यवतमाळला गेल्या की तिकडूनच बांगड्या भरून येऊ लागल्या. एका संध्याकाळी ओट्यावर करीमभाई सहज बोलावं तसं म्हणाले, "हा श्रावण पाहतो, भाऊराव. नाही त दुकान बंद. बेटी उमरखेडले बोलावून राह्यली."

भाऊरावांचा रंधा थांबला, आणि परत सुरू झाला.

करीमभाईंना मदत दिली असती तर त्यांनी ती घेतली नसती, इतके ते मानी. म्हणून भाऊरावांनी आपली नेहमीची युक्ती काढली. श्रावणाला फार दिवस नव्हते. माळ्यावर तेव्हा बंगईची फळी सोडली तर कोरडं लाकूड उरलं नव्हतं. तिला त्यांनी हात लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लाकडाच्या वखारीतून नुकतं कापलेलं ओलं लाकूड आणलं आणि त्याच आठवड्यात त्याला करवत लावली. मी भिंतीवरून थट्टेनं विचारलं, "भाऊराव, झाड ना ते अजून?" त्यांनी मान वर केली नाही. "उन्हात वाळवून घेतो न, बाई," एवढंच म्हणाले.

वस्तू मोठी सुरेख झाली. एक बुटकी घडवंची. तिच्यावर कोरलेली एक पन्हळ, बाईनं कोपरापासून हात ठेवायला, आणि तिला आडवी दुसरी, भरणाऱ्याचं मनगट टेकायला. टेकलेलं मनगट कमी थरथरतं, एवढी साधी गोष्ट. करीमभाईंकडं ती पोचवून वर म्हणाले, "बायाइचे हात अवघडते तुह्याकडं. गोदी बोलत होती. तिची कटकट गेली पाह्यजे म्हणून केलं." करीमभाईंनी बायकांच्या सोयीसाठी म्हणून ती आनंदानं ठेवून घेतली. बांगड्या पूर्वीसारख्या जाऊ लागल्या. गावात बातमी फिरली आणि श्रावण लागताच सतरंजीवर बायकांची दाटी झाली.

पण पाऊसही लागला होता. ओलं लाकूड पावसाळी हवेत फिरलं. घडवंचीला पीळ पडला, एक पाय जमिनीवरून उचलला गेला, आणि ज्या हाताला आधार द्यायचा त्याच हाताखाली ती डुगडुगू लागली. गावातल्या एका मोठ्या घरची नवी सून पहिल्या श्रावणाचा चुडा भरायला आली होती. मी तिच्या मागंच बसले होते. हिरवी बांगडी अर्ध्यावर गेली, घडवंची डुलली, आणि बांगडीचे तुकडे त्या पोरीच्या मनगटात रुतले. रक्त आलं. सवाष्णीच्या हातात, आणि तेही श्रावणात! सासूनं सुनेचा हात ओढून घेतला आणि म्हणाली, "आता तुमच्याच्यानं होत नाही, करीमभाऊ. कायले बसता मंग?"

करीमभाईंनी खाली वाकून पहिल्यांदा त्या घडवंचीकडं नीट पाहिलं. दोन पन्हळी. एक बाईच्या हाताची, एक त्यांच्या स्वतःच्या. त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी बांगड्यांवर फडकं टाकलं.

संध्याकाळी ते आले ते चहाला नाही. घडवंची ओट्यावर ठेवून उभेच राहिले. "हे तू बायाइसाठी नोयतं केलं, भाऊराव. मेरे हाथ के वास्ते केलं. मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त घेतलं असतं तू?"

"नसतं घेतलं."

"मंग?"

"मंग काय? साऱ्या गावाले मालूम, मलेच नाही मालूम. सारे बाया बसून पाहून राह्यल्या अन् मी येडा." त्यांचा आवाज फाटला. "जातो मी उमरखेडले."

करीमभाई गेल्यावर भाऊरावांनी घडवंची उचलून अंगणात पावसात ठेवली आणि ओसरीत बसून तिच्याकडं बघत राहिले. पुढं बरेच दिवस हेच. हत्यारांची पेटी बंद. दवाखान्यात जायचे, यायचे, बसायचे. कानावर पेन्सिल नव्हती. मला त्या माणसाची फार कीव आली. एका दुपारी गोदाबाईंनी तांदूळ निवडता निवडता सूप खाली ठेवलं. मी शेजारीच होते.

"काहो, वरची फळी काढा."

भाऊरावांनी वर पाहिलं. "ते तुही बंगई हाय, गोदे."

"कुठं हाय बंगई? लसूण हाय तिथं. मले बसाले पाट हाय. त्याच्या हाताले काय हाय?"

"मले आधीच काढाले पाह्यजे होती ते," भाऊराव म्हणाले. "जीव नाही झाला."

"माहीत हाय मले," गोदाबाई म्हणाल्या. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण तांदूळ निवडताना त्यांना काही दिसत नव्हतं हे मला दिसत होतं.

त्या फळीला करवत लागली तेव्हा अंगणभर जुन्या सागाचा वास सुटला. या खेपेला भाऊरावांनी घाई केली नाही. एकेक पाय लावून बघायचे, फरशीवर ठेवून कान लावायचे, पुन्हा तासायचे. मग एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "बाई, हात ठेवा याच्यावर." मी ठेवला. त्यांनी आपलं मनगट आडव्या पन्हळीत टेकवलं आणि स्वतःचा हात मुद्दाम थरथरवायला सुरुवात केली. अगदी करीमभाईंसारखा. अंगठा आधी, मग दोन बोटं, मग पंजा. किती वर्षं आणि किती बारीक पाहिलं असेल या माणसानं आपल्या मित्राच्या हाताकडं! त्यांचं आपलं चाललेलं, "हे बोट अजून हालते. इथं जरा खोल पाह्यजे."

नवी घडवंची घेऊन आम्ही तिघं निघालो. करीमभाईंच्या दारापर्यंत भाऊराव आले आणि ओट्यावरच बसले. "तुम्ही जा. मी हाय इथं." गोदाबाईंनी घडवंची काखेत मारली आणि सरळ आत गेल्या. खोलीत बांगड्यांचे दांडे उतरवून ट्रंकेत भरणं चाललं होतं. गोदाबाईंनी सतरंजी स्वतःच अंथरली, घडवंची मांडली, फतकल मारून बसल्या आणि हात पुढं केला.

"बांगड्या भरा, करीमभाऊ."

"भाबी, दुकान बंद केलं मी."

"हे तुमच्या हातासाठी हाय. या वेळेस सरळ सांगून राह्यली. ह्यायच्यासारखं बायाइचं नाव घेऊन नाही. मी दुसऱ्या कोणाच्या हातून बांगड्या भरल्या नाही, अन् आता या वयात भरत नाही. भरता का, भुंडे हात घेऊन हिंडू गावात?"

करीमभाई घडवंचीपाशी वाकले. त्यांनी लाकडावरून हात फिरवला आणि दचकून वर पाहिलं. "ये तो बंगई की लकडी है, भाबी."

"हाय," गोदाबाई म्हणाल्या.

ते खाली बसले. मनगट पन्हळीत टेकवलं. "फुटली त?"

"फुटली त दुसरी घ्या. ट्रंकभर हायत."

पहिली बांगडी गेली. दुसरी, तिसरी गेली. मी दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. भाऊराव रस्त्याकडं पाठ करून, डोळे मिटून, कान आमच्याकडं लावून बसले होते. चिंतामणीला चाललेली एक ओळखीची बाई त्यांना काहीतरी विचारून गेली, तरी त्यांना पत्ता नाही. एवढ्यात चौथी बांगडी कट्कन वाढली. बाहेर भाऊराव ताडकन उभे राहिले. गोदाबाईंनी मनगटावरचा तुकडा झटकला आणि तिथूनच ओरडल्या, "काही नाही झालं. बसा!"

भाऊराव बसले.

करीमभाईंना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी बाहीनं पुसलं आणि दुसरी बांगडी घेतली. दोन्ही हात भरून झाल्यावर त्यांनी बाहेर आवाज दिला, "भाऊराव, अंदर ये. अन् ऐक, मले ते आधा गिलास चाय देणं बंद कर. मले काय समजत नाही काय? कपबशी पाह्यजे मले. वाजली त वाजू दे."

करीमभाई उमरखेडला गेले नाहीत. गावातल्या सगळ्याच बायका परत आल्या असं नाही. पण पुढच्या श्रावणात ती मोठ्या घरची सून आपणहून आली आणि सासूला न विचारता घडवंचीवर हात ठेवून बसली. संध्याकाळी ओट्यावर बशी वाजायची, भिंतीपलीकडं मला ऐकू यायची, आणि मला फार बरं वाटायचं.

ह्यांची यवतमाळला बदली झाली आणि आमचं कळंब सुटलं. पुढं कधीतरी, पासष्टच्या आसपास, मी चिंतामणीच्या दर्शनाला गेले. करीमभाई आदल्या हिवाळ्यात गेले होते. दुकानात त्यांचा मुलगा बसला होता, इतकी वर्षं बाहेरगावी कामाला होता तो. त्याचे हात दगडासारखे स्थिर, तरी बांगड्या तो त्याच घडवंचीवर भरत होता. मी भरून घेतल्या आणि भाऊरावांकडं गेले.

ओसरीत कड्यांना लसूण नव्हता. बंगई होती. घडवंची काढून उरलेल्या फळीची, त्यामुळं आखूड. गोदाबाई तिच्यावर बसल्या होत्या आणि त्यांच्या आकारमानानं ती जवळजवळ भरली होती. मला पाहून त्यांनी बांगड्यांचा हात उंच केला. "पाह्यली माही बंगई?"

भाऊराव आतून आले. नोकरी संपलेली, केस पांढरे, पेन्सिल कानावर. मी म्हटलं, "भाऊराव, जरा आखूड झाली नाही का?"

"नाही न, बाई," ते म्हणाले. "बाकीची करीमकडं हाय तूर्त."

गोदाबाई बाजूला सरकल्या. राहिलेल्या वीतभर जागेत भाऊराव कसेबसे टेकले आणि एका पायानं त्यांनी हलकेच रेटा दिला. बंगई निघाली. तोच वर कडी कुरकुरली. भाऊरावांचा पाय थांबला, मान वाकडी झाली, आणि त्या आवाजाकडं कान लावून ते उठायला लागले.

गोदाबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना खाली ओढलं. "काही नाही झालं," त्या म्हणाल्या. "बसा!"